आणीबाणी उठवायची तर मतं कुणी जमवायची?

कलमकसाई

आणीबाणीचा कायदा हातात आला की लोक आधी सरकारला काय काय करता येतं ते बघतात. अटक, सेन्सॉरशिप, सभाबंदी. ही यादी जगभर साधारण सारखीच असते, तिच्यातून फारसं काही कळत नाही. माझ्या मते आधी मुदतीचं कलम वाचावं. संसदेत कुणी बोटही हलवलं नाही तर पुढच्या महिन्यात काय होतं? अधिकार आपोआप विझतात की आपोआप चालू राहतात? आणि मतं जमवायची मेहनत कुणाच्या गळ्यात पडते: ज्याला ते चालू ठेवायचेत त्याच्या, की ज्याला बंद करायचेत त्याच्या?

वायमार जर्मनीच्या (पहिल्या महायुद्धानंतरचं जर्मन प्रजासत्ताक) १९१९च्या घटनेतलं ४८वं कलम घ्या. राष्ट्राध्यक्षाने वटहुकूम काढायचा, राइशस्टागला (जर्मन संसदेला) कळवायचं, आणि राइशस्टागने बहुमताने मागणी केली की तो रद्द. वाचायला बरं वाटतं. पण २५व्या कलमात संसद बरखास्त करायचा अधिकारही त्याच राष्ट्राध्यक्षाकडे होता. १८ जुलै १९३० रोजी राइशस्टागने चॅन्सलर ब्रुनिंगचा आर्थिक वटहुकूम बहुमताने फेटाळला. राष्ट्राध्यक्ष हिंडेनबर्गने त्याच दिवशी संसद बरखास्त केली आणि महिना संपायच्या आत वटहुकूम नव्याने लागू झाला. १४ सप्टेंबरच्या निवडणुकीत नाझी १२ जागांवरून १०७वर गेले. पुढे सोशल डेमोक्रॅट्सनी वटहुकूम पाडायचं टाळलं, कारण पाडला की पुन्हा निवडणूक आणि नाझींच्या जागांत पुन्हा भर. १९३२ साली संसदेने केलेले कायदे ५, वटहुकूम साठाच्या आसपास. हिटलर अजून चॅन्सलर व्हायचा होता.

दुसरं उदाहरण अमेरिकेचं. १९७६च्या राष्ट्रीय आणीबाणी कायद्यात दोन्ही सभागृहांनी साध्या बहुमताने ठराव केला की आणीबाणी खलास, राष्ट्राध्यक्षाच्या सहीची गरज नाही, अशी रचना होती. १९८३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चड्ढा खटल्यात असा सहीविना चालणारा संसदीय नकार घटनाबाह्य ठरवला. मग कायदा बदलावा लागला आणि आता ठराव राष्ट्राध्यक्षाकडे सहीला जातो. म्हणजे ज्याने आणीबाणी पुकारली त्याचीच सही, आणि त्याने नकाराधिकार वापरला तर दोन्ही सभागृहांत दोनतृतीयांश मतं. २०१९मध्ये हे प्रत्यक्ष दिसलं. सीमेवरच्या भिंतीसाठी पुकारलेल्या आणीबाणीविरुद्धचा ठराव सिनेटमध्ये ५९-४१ने मंजूर झाला, ट्रम्प यांनी तो फेटाळला, आणि प्रतिनिधीगृहात फेरमतदान २४८-१८१वर अडलं. इराणबाबत १४ नोव्हेंबर १९७९ रोजी पुकारलेली आणीबाणी तर दर नोव्हेंबरात एका सूचनेवर पुढे सरकत चार दशकांच्या पार गेली आहे.

उलट्या बाजूला भारताची ४४वी घटनादुरुस्ती (१९७८). १९७५च्या अनुभवानंतर ३५२व्या कलमातलं 'अंतर्गत अशांतता' जाऊन 'सशस्त्र उठाव' आलं, हे बहुतेकांना माहीत असतं. जास्त महत्त्वाचं पुढे आहे. मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी हवा. एका महिन्यात दोन्ही सभागृहांची मंजुरी हवी, तीही एकूण सदस्यांचं बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांचे दोनतृतीयांश अशी दुहेरी. दर सहा महिन्यांनी हेच पुन्हा. उठवायला मात्र लोकसभेचं साधं बहुमत पुरे, आणि एकदशांश सदस्यांनी लेखी नोटीस दिली की १४ दिवसांत खास बैठक. सुरू ठेवणं महाग, थांबवणं स्वस्त. वायमारमध्ये नेमकं याच्या उलट होतं.

जाणकारांनी भर घालावी. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेबद्दल कुणी लिहिलं तर उत्तम.

गणपूर्ती

धागा आवडला. वायमारच्या पुढचा टप्पा जोडतो, कारण "हिटलर निवडून आला आणि त्याने बहुमताने सगळं केलं" असं सरसकट लिहिलं जातं.

५ मार्च १९३३च्या निवडणुकीत नाझींना ४३.९ टक्के मतं आणि ६४७पैकी २८८ जागा मिळाल्या. जर्मन राष्ट्रवादी पक्षाच्या ५२ धरून जेमतेम बहुमत. अधिकारदान कायद्यासाठी (संसदेला वगळून सरकारलाच कायदे करू देणारा) मात्र घटनादुरुस्तीचे दोन उंबरठे होते: एकूण सदस्यांपैकी दोनतृतीयांश हजर, आणि हजर असलेल्यांपैकी दोनतृतीयांश बाजूने. हजेरीचा आकडा येतो ४३२. कम्युनिस्ट ८१, सोशल डेमोक्रॅट १२०. हे २०१ जण सभागृहाबाहेर राहिले तर उरतात ४४६. आणखी फक्त १५ जण आले नाहीत की गणपूर्ती कोसळली.

नाझींनी हे गणित आधीच केलं होतं. राइशस्टागला आग लागली २७ फेब्रुवारीला, दुसऱ्या दिवशीच्या वटहुकुमाने नागरी हक्क स्थगित झाले आणि कम्युनिस्ट सदस्य तुरुंगात, परागंदा किंवा भूमिगत झाले. तरी १५ जणांचा धोका होताच. म्हणून कामकाजाच्या नियमात बदल केला: विनापरवानगी गैरहजर राहणारा सदस्य हजर धरायचा. रजा मंजूर करणारा कोण, तर सभागृहाचा अध्यक्ष, म्हणजे नाझी नेता गोरिंग. सभात्याग हे विरोधकांचं शेवटचं हत्यार, ते एका ओळीच्या नियमाने बोथट झालं.

२३ मार्चला क्रोल ऑपेरा हाउसमध्ये मतदान झालं. ४४४ विरुद्ध ९४. विरोधातले सगळे ९४ सोशल डेमोक्रॅट, १२०पैकी उरलेले. एकूण पाच कलमांचा कायदा, आणि गंमत म्हणजे त्यात मुदतही होती: १ एप्रिल १९३७. त्या तारखेला तो विझला नाही, कारण तोवर मुदतवाढ द्यायला एकपक्षीय राइशस्टाग तयार होतं. कलमकसाईंच्या निकषात हे बसत नाही. इथे मुदत होती, वाढवायला मतंही लागत होती, पण मतं मोजणारं घरच ताब्यात होतं.

शंकेखोर

हे सगळं कागदी वाटतं. शेवटी बंदूक कुणाच्या हातात आहे त्यावर ठरतं. ज्याच्याकडे सैन्य आहे तो तुमचं कलम वाचत बसणार आहे का?

तळटीप

शंकेखोर, मुद्दा रास्त आहे, पण ३ डिसेंबर २०२४ची रात्र जरा घड्याळ लावून बघा.

दक्षिण कोरियात राष्ट्राध्यक्ष यून यांनी रात्री साडेदहाच्या सुमारास टीव्हीवरून लष्करी कायदा पुकारला. पहिल्याच लष्करी फर्मानात राष्ट्रीय सभेसकट सगळ्या राजकीय हालचालींवर बंदी. आता घटनेचं ७७वं कलम: राष्ट्रीय सभेने एकूण सदस्यांच्या बहुमताने मागणी केली तर राष्ट्राध्यक्षाने लष्करी कायदा उठवलाच पाहिजे. सदस्य ३००, म्हणजे १५१ लागतात. 'एकूण सदस्यांच्या' हा शब्द इथे नीट वाचा. हजर असलेल्यांचं बहुमत चाललं असतं तर मूठभरांनाही ठराव करता आला असता. १५१ म्हणजे माणसं प्रत्यक्ष सभागृहात पोहोचायलाच हवीत, आणि सगळी झटापट त्यासाठीच झाली. फाटकं पोलिसांनी अडवलेली. सभापती वू वॉन-शिक यांच्यासकट कित्येक जण कुंपणावरून चढून आत गेले. खास दलाचे सैनिक खिडक्या फोडून इमारतीत शिरले, कर्मचाऱ्यांनी फर्निचर रचून दारं अडवली आणि अग्निशामक नळकांडी फवारली.

पुरेसे सदस्य जमल्यावर ताबडतोब मतदान घ्या असा आरडाओरडा चालू होता. सभापतींनी ठराव रीतसर पटलावर येईपर्यंत मतदान घेतलं नाही. त्या क्षणी हा बाबूगिरीचा कळस वाटला असेल, पण घाईत प्रक्रिया चुकली असती तर "ठरावच अवैध" म्हणायला यून यांना आयतं निमित्त मिळालं असतं. रात्री एकच्या सुमारास १९०-० असा ठराव झाला. त्यात सत्ताधारी पक्षाचे १८ होते. त्यानंतर सैनिक इमारतीतून बाहेर पडू लागले. यून यांनी लष्करी कायदा उठवल्याचं जाहीर केलं पहाटे साडेचारच्या सुमारास.

बंदुकीचं म्हणाल तर हुकूम पाळायचा की नाही असा पेच पडलेल्या अधिकाऱ्याला दुसरा एखादा वैध हुकूम लागतो. रात्री एक वाजता तो मिळाला. ठराव झालाच नसता तर नुसती जनतेची गर्दी एका बाजूला आणि लेखी आदेश दुसऱ्या बाजूला असता.

या कलमातलं भोक मात्र ठळक आहे. मागणी झाल्यावर राष्ट्राध्यक्षाने किती वेळात उठवायचं ते लिहिलेलं नाही. त्या रात्री साडेतीन तास गेले. कायदा ठरावाच्या क्षणीच संपतो असं लिहिता आलं असतं.

दप्तरदार

सुरक्षा परिषदेचं मी लिहितो.

नकाराधिकार म्हटलं की ठराव अडवणं एवढंच डोळ्यांपुढे येतं. पण आधी लागू असलेली गोष्ट थांबवण्यासाठी ठराव लागत असेल, तर तोच नकाराधिकार ती गोष्ट अनंतकाळ चालू ठेवायला वापरता येतो. कलमकसाईंचा प्रश्न इथे फार चपखल बसतो. इराकवरचे निर्बंध ६ ऑगस्ट १९९०च्या ठराव ६६१ने आले. त्यात शेवटची तारीख नव्हती. उठवायचे तर नवा ठराव, म्हणजे १५पैकी ९ मतं आणि पाच स्थायी सदस्यांपैकी एकाचाही नकार नाही. परिषदेत मतभेद वाढत गेले, सामान्य माणसांवरचा परिणाम उघड दिसत होता, तरी व्यापक आर्थिक निर्बंध उठले थेट २२ मे २००३ला, ठराव १४८३ने. म्हणजे युद्ध होऊन सत्तापालट झाल्यावर. अमेरिका आणि ब्रिटनची संमती नव्हती म्हणून भिजत घोंगडं तसंच पडून राहिलं. निर्बंध लावताना पाचांपैकी कुणाचाही नकार नसणं लागलं होतं, ते चालू ठेवायला मात्र एकाचा नकार पुरला.

इराणच्या अणुकराराच्या वेळी हीच युक्ती मुद्दाम उलटी करून बसवली. जुलै २०१५चा ठराव २२३१. करारात सामील असलेल्या देशाने "इराण करार पाळत नाही" अशी सूचना दिली की ३० दिवसांत परिषदेने *निर्बंध उठलेलेच ठेवण्याचा* ठराव मंजूर करायचा. नाही केला तर जुने निर्बंध आपोआप परत. म्हणजे रशिया किंवा चीन नकाराधिकार वापरून परतीची वाट अडवू शकत नाहीत, कारण अडवायला काही उरतच नाही. ब्रिटन, फ्रान्स, जर्मनीने २८ ऑगस्ट २०२५ला सूचना दिली, १९ सप्टेंबरला ठराव मतदानाला आला, बाजूने फक्त ४ मतं पडली. महिनाअखेरीस निर्बंध परत लागू. नकाराधिकाराला वळसा घालणारी याहून चतुर रचना परिषदेच्या ठरावांत मला तरी माहीत नाही. न्याय्य आहे का, हा वेगळा वाद. रशिया आणि चीनने त्या सूचनेची वैधताच मानली नाही.

अवांतर: संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या २७व्या कलमात स्थायी सदस्यांची 'सहमतीची मतं' असा शब्दप्रयोग आहे. शब्दशः वाचलं तर तटस्थ राहणं म्हणजेही नकार व्हायला हवा होता. प्रथेने तसं मानलं गेलं नाही आणि आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९७१मध्ये नामिबियाच्या सल्लामतात त्या प्रथेवर शिक्का मारला. जून १९५०मध्ये सोव्हिएत प्रतिनिधी बहिष्कार घालून घरी बसला आणि कोरियात मदत पाठवण्याचा ठराव मंजूर झाला. तेव्हापासून खुर्ची रिकामी ठेवण्याची चूक त्यांनी पुन्हा केली नाही.

वाकडी वाट

मला दुसरी बाजू मांडायची आहे. मुदतीचं कलम कितीही कडक करा, सरकार शेजारच्या दाराने आत येतं.

दक्षिण आफ्रिकेच्या घटनेतलं ३७वं कलम हे या विषयातलं आदर्श मानलं जातं. आणीबाणी २१ दिवस, पुढे फार तर तीन-तीन महिने. पहिली वाढ एकूण सदस्यांच्या बहुमताने, त्यानंतरची प्रत्येक वाढ एकूण सदस्यांच्या ६० टक्क्यांनी, म्हणजे दिवस जातील तसा जिना चढत जातो. मग २०२०मध्ये काय झालं? सरकारने ३७वं कलम हातातच घेतलं नाही. आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली 'आपत्तीची स्थिती' जाहीर केली. त्यात पहिले तीन महिने, नंतर दर महिन्याला मंत्र्याने राजपत्रात सूचना काढायची. संसदेचं मत लागतच नाही. मार्च २०२० ते एप्रिल २०२२, दोन वर्षांहून जास्त.

फ्रान्समध्ये वाट वेगळी. १९५५च्या कायद्याप्रमाणे सरकार १२ दिवस आणीबाणी लावू शकतं, पुढे संसदेचा कायदा लागतो. नोव्हेंबर २०१५च्या पॅरिस हल्ल्यानंतर लागलेली आणीबाणी सहा वेळा वाढली. प्रत्येक वेळी रीतसर कायदा झाला, चर्चा झाली. वाढ नाकारणाऱ्यावर पुढच्या हल्ल्याचं खापर फुटणार, त्यामुळे नाही कोण म्हणणार? ती संपली १ नोव्हेंबर २०१७ला. त्याच्या दोनच दिवस आधी नवा कायदा झाला होता, ज्याने घरझडती आणि हालचालींवरचे निर्बंध सौम्य रूपात नेहमीच्या कायद्यात आणून ठेवले. आणीबाणी उठली, सामान मात्र घरातच राहिलं.

हंगेरी बघायचं तर ३० मार्च २०२०चा कायदा १३७-५३ने झाला, अंतिम तारखेविना. टीका झाल्यावर जूनमध्ये मागे घेतला. मग २४ मे २०२२ला घटनेत दहावी दुरुस्ती: *शेजारच्या देशात* युद्ध किंवा मानवी आपत्ती असेल तरी आणीबाणी लावता येते. त्याच दिवशी लावलीही. युद्ध कधी संपणार हे बुडापेस्टच्या हातात नाही, म्हणजे कारण कधी संपणार याचीही चिंता नाही.

शंकेखोर

खऱ्या युद्धाचं काय? युक्रेनने २४ फेब्रुवारी २०२२ला लष्करी कायदा लावला. दर महिन्याला दोनतृतीयांशाचा जिना चढा म्हणायचं का त्यांना?

कलमकसाई

नाही म्हणणार. तिथली रचना तशी वाईट नाही. लष्करी कायदा संसदेने मंजूर करायचा, आणि २०२२च्या वसंतापासून तो साधारण ९० दिवसांच्या तुकड्यांत वाढवला जातोय. दर तीन महिन्यांनी ४५०च्या संसदेत २२६ मतं जमवावी लागतात. खरी अडचण दुसरी आहे. लष्करी कायदा असताना निवडणूक घ्यायला कायद्याची बंदी आहे आणि घटनेचं ८३वं कलम संसदेची मुदत आपोआप वाढवतं. म्हणजे वाढीला मत देणारा सदस्य त्याच मताने स्वतःची खुर्चीही वाढवतो. लाखो लोक देशाबाहेर, काही भाग परक्या ताब्यात, मतदानकेंद्रांवर क्षेपणास्त्रांचा धोका, या स्थितीत निवडणूक घेणं बहुतेकांना शक्य वाटत नाही आणि मलाही नाही. तरी हा हितसंबंध कागदावर आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही.

मुदत नसलेल्या युद्ध-अधिकाराचं टोक बघायचं तर सप्टेंबर २००१चा अमेरिकेतला लष्करी बळ वापरायला परवानगी देणारा ठराव. मुख्य वाक्य इंग्रजीत ६० शब्दांचं. शत्रूचं नाव नाही, जागा नाही, तारीख नाही. प्रतिनिधीगृहात ४२०-१. २००१मध्ये जन्मालाही न आलेल्या संघटनांवर पुढे त्याच वाक्याच्या आधारे हल्ले झाले. १९७३च्या युद्धाधिकार कायद्याचं ६० दिवसांचं घड्याळ (संसदेच्या परवानगीविना लढाईला घातलेली मुदत) त्यामुळे चालूच होत नाही, कारण संसदेची परवानगी आधीच दिलेली आहे असं धरलं जातं.

वाकडी वाट, तुमचा मुद्दा मान्य. मी एवढंच जोडेन की आणीबाणीचं कलम वाचताना आपत्ती, साथरोग, दहशतवाद आणि सार्वजनिक सुरक्षेचे कायदेही शेजारी ठेवून वाचायचे. ज्यात संसदेचं मत सगळ्यात कमी वेळा लागतं तोच वापरला जाणार.

गणपूर्ती

कोरियाच्या गोष्टीत एक शेपूट राहिलं. १४ डिसेंबरला यून यांच्यावरचा महाभियोग २०४ मतांनी मंजूर झाला, लागत होती २००. त्याआधी ७ तारखेला सत्ताधारी सदस्य उठून गेले आणि १९५च मतं पडली, म्हणून तो प्रयत्न फसला. पुढे प्रकरण घटना न्यायालयात गेलं. तिथे ९ जागा, सुनावणीला कायद्याने ७ न्यायाधीश हवेत, पदच्युतीला ६ मतं. आणि ऑक्टोबरपासून ३ जागा रिकाम्या! संसदेच्या कोट्यातल्या जागांवर पक्षांचं जमत नव्हतं. न्यायालयाने स्वतःच ऑक्टोबरात ७ची अट तात्पुरती स्थगित केली होती म्हणून काम सुरू तरी झालं. सहाच न्यायाधीश असते तर एकाचंही वेगळं मत यून यांना वाचवायला पुरलं असतं. डिसेंबरअखेर दोघांची नेमणूक झाली, आणि ४ एप्रिल २०२५ला ८-०ने निकाल आला.

तळटीप

हो, आणि जर्मनीने नेमकं हेच भोक डिसेंबर २०२४मध्ये बुजवलं. घटना न्यायालयाचे १६ न्यायाधीश, दोन पीठं, १२ वर्षांची एकच कारकीर्द, ६८व्या वर्षी निवृत्ती, हे सगळं आधी साध्या कायद्यात होतं. पोलंड आणि हंगेरीत सत्ताधाऱ्यांनी निवृत्तीचं वय खाली आणून न्यायाधीश घरी बसवले. हंगेरीत ७०वरून ६२, पोलंडच्या सर्वोच्च न्यायालयात ७०वरून ६५. ते बघून जर्मनांनी या तरतुदी मूलभूत कायद्यात (म्हणजे जर्मन घटनेत) हलवल्या, आता बदलायला दोनतृतीयांश लागतात.

न्यायाधीश निवडायलाही दोनतृतीयांश लागतात, ती अट मात्र साध्या कायद्यातच राहिली. एकतृतीयांशाहून थोडे जास्त सदस्य अडून बसले तर जागा रिकामीच राहणार. त्यावर उपाय असा की एका सभागृहाला ठरलेल्या वेळात निवड जमली नाही तर दुसऱ्या सभागृहाला ती करता येईल, आणि उत्तराधिकारी येईपर्यंत जुना न्यायाधीश काम चालू ठेवेल.

दप्तरदार

यातलं शेवटचं वाक्य दुधारी आहे. उत्तराधिकारी येईपर्यंत जुनाच राहणार असेल, तर ज्या पक्षाला जुना न्यायाधीश आवडतो त्याने फक्त चालढकल करायची.

तळटीप

बरोबर. म्हणून तर दुसऱ्या सभागृहाची वाट ठेवली आहे. दोन्ही सभागृहांत एकाच बाजूकडे अडवण्याइतकी मतं जमली तर मात्र त्यापुढे उपाय लिहिलेला नाही.